दोन्ही वेळा पूर्वेकडे

ताई सिंगापूरला असते, मी न्यूयॉर्कला. घरच्यांचा फोन आला की ठरलेला प्रश्न येतो, "तिच्याकडे जायला किती तास लागतात गं?" वाऱ्यावर थोडं मागेपुढे होतं, पण धरून चाला साडेअठरा तास, मध्ये कुठेही न थांबता. जगात नियमित चालणारं सर्वांत लांब पल्ल्याचं विनाथांबा उड्डाण हेच.

हे अंतर मला खऱ्या अर्थाने कळलं ते भाचीच्या पृथ्वीगोलावर. भिंतीवरचा नकाशा पाहून मी धरून चालले होते की सरळ वाट अटलांटिक, युरोप अशीच असणार. भाचीने शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला, एक टोक न्यूयॉर्कवर अंगठ्याने दाबलं, दुसरं सिंगापूरवर, आणि दोरा ताणला. तो थेट वर चढला, उत्तर ध्रुवाला जवळजवळ घासून गेला आणि पलीकडे सैबेरिया, चीन करत खाली उतरला! न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला, सिंगापूर १०४ अंश पूर्वेला. बेरीज १७८. म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. दोऱ्याची लांबी भरते सुमारे १५,३५० किलोमीटर.

विमान मात्र या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, कधी कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर. ते पाठीशी घ्यायला विमान बऱ्याचदा जाताना अटलांटिकवरून निघतं आणि येताना पॅसिफिकवरून. दोन्ही वेळा पूर्वेकडेच! किलोमीटर वाढतात, पण वेळ आणि इंधन वाचतं. अशी जाऊन-येऊन केलेली एक खेप म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणाच, आणि मला त्याचं अजूनही अप्रूप वाटतं.

विनाथांबा सेवा पहिल्यांदा २००४ मध्ये सुरू झाली, न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कहून, चार इंजिनांच्या विमानाने. २०१३ मध्ये ती बंद पडली. २०१८ मध्ये दोन इंजिनांचं एअरबस ए-३५० आलं, टाक्यांमध्ये १,६५,००० लिटर इंधन मावेल असं. एवढं इंधन वाहून न्यायचं तर त्या वजनासाठीही इंधन जळतं, म्हणून माणसं कमी घ्यावी लागतात. एवढ्या मोठ्या विमानात आसनं फक्त १६१, आणि साधा इकॉनॉमी वर्ग नाहीच. तिकीट महाग पडतं, म्हणून मी दर वेळी यानेच जात नाही. पण ताईच्या बाळंतपणाला गेले ती यानेच. कुठे अडकून पडायची जोखीम तेव्हा नको होती.

मंगळवारी रात्री साडेदहाला निघाले. झोपले, उठले, पाय मोकळे करायला चार फेऱ्या मारल्या, पुन्हा झोपले. खिडकीबाहेर एकदा उजाडलं, एकदा मावळलं. माझा अख्खा बुधवार हवेतच गेला. येताना उलट झालं: दुपारी बाराला निघाले आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास न्यूयॉर्कला उतरले.

त्या गुरुवारी पहाटे सिंगापूरला उतरल्यावर सवयीने मनगटावरचं घड्याळ जुळवायला गेले. काटे पाच वाजून वीस मिनिटं दाखवत होते. समोरच्या भिंतीवरही पाच वीसच. उन्हाळ्यात दोन्ही शहरांमध्ये बरोब्बर बारा तासांचा फरक असतो, ते समोरासमोरचे रेखांश इथेही दिसले. घड्याळाला हात न लावता मी बाहेर आले, आणि भाची धावत येऊन गळ्यात पडली.