दुसरं वाळवण

ऑक्टोबर महिन्याची बाजू घेणारं कोणी मला आजवर भेटलेलं नाही. पाऊस गेलेला, थंडी यायची आहे, आणि मधल्या मधे हे ऊन. 'ऑक्टोबर हीट' म्हणत जो तो त्याच्या नावानं खडे फोडतो. कवींनी शरदाच्या चांदण्याचं एवढं कौतुक केलं, पण शरदाच्या दुपारी त्यांनी बहुतेक झोपून काढल्या असाव्यात. मला मात्र ही दुपारच आवडते. कारण तिच्यात गोष्टी वाळतात.

वाळवण म्हटलं की आपल्याला चैत्र-वैशाख आठवतो. गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे. पण वर्षात आणखी एक वाळवण असतं, आश्विनातलं, आणि त्यात खाण्याचं काहीच नसतं. किल्ल्याची माती, चिकटवायची खळ, पतंगाचा कागद, रंगवलेल्या पणत्या, दारापुढे सारवलेला गेरू. हेच उद्योग श्रावणात काढून बघा. कागद दमट, खळीला बुरशी आणि माती ओलीची ओली. दिवाळीआधी घरोघरी कात्र्या बाहेर पडतात त्याला सण कारण आहे हे खरं, पण हवेचाही त्यात निम्मा वाटा आहे असं माझं मत आहे.

आमच्याकडे या वाळवणातला मानाचा पदार्थ म्हणजे आकाशकंदील. बाजारात घडीचे, प्लास्टिकचे, चमचमणारे कंदील ढिगानं मिळतात, आणि त्यातले काही सुंदरही असतात, उगाच नावं कशाला ठेवा. तरी कामट्यांचा कंदील घरीच. कामट्या बुरूड आळीतून आणायच्या, पुस्तकांच्या कपाटाखाली पडून राहिलेला करवतीचा तुकडा शोधायचा आणि सगळ्या एका मापाच्या कापायच्या. पारंपरिक कंदिलाला चोवीस लागतात. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. एक वर आडवा, एक खाली आडवा आणि मधले चार कोनावर उभे. कोपऱ्याला कोपरा दोऱ्यानं बांधत गेलं की चौकोनांच्या मधल्या फटींत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. त्रिकोण कुणी बांधलेलेच नसतात. ही गंमत मला दर वर्षी नव्यानं आवडते.

खरी मजा पुढे आहे. हा सांगाडा टेबलावर ठेवला की उभाच राहत नाही. वरून जरा दाबला की पिळ खात खाली बसतो, सोडला की पुन्हा अर्धवट उठतो. गाठी कितीही आवळा, फरक पडत नाही. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, पण चौकोन चेपतो, आणि इथे चौकोन सहा आहेत. पहिल्यांदा कंदील करणारा माणूस इथेच हताश होऊन बाजारात जातो. वास्तविक पुढच्या पायरीपर्यंत थांबायला हवं. चौकोनांवर कागद चिकटवायचा, खळ वाळू द्यायची. कागद ताठ बसला की चौकोनाला चेपायला जागाच उरत नाही, आणि मघाशी लोळण घेणारा सांगाडा एकदम ताठ मानेनं उभा राहतो. हवेनं फाटेल असा कागद, आणि बांबूला आवरतो तो!

खळीवरून आमच्याकडे मतभेद आहेत. मी कणीक घेते, सासूबाई मैद्याच्या बाजूच्या.

"अगं, मोरचूद घातलंस का? नाहीतर झुरळं खातील कंदील."

"घातलं हो आई, चिमूटभर. आणि पातेलं वेगळंच घेतलंय."

"ते चांगलं केलंस. आणि कंदिलाच्या कागदी करंज्या आत्ताच नको लावूस, आधी हे वाळू दे."

'हे वाळू दे' हे आश्विनातलं सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जाणारं वाक्य असेल. या छंदांत हातानं करायचं काम थोडं आणि वाट बघणं फार. झिरमिळ्यांसाठी ताव घडीवर घडी घालून कापायचा, तेवढा वेळ कात्रीचा. मग पुन्हा वाट बघा. त्या रिकाम्या वेळासाठीच कोडी असावीत.

कोड्यांचा हंगामही हाच. नवरात्रात भोंडला असतो, पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरायचा, पण मुलींचा जीव खरा अडकलेला असतो तो शेवटच्या खिरापतीत. डबा झाकलेला. गोड की तिखट? कोरडी की ओली? डबा हलवून आवाज ऐकायलासुद्धा परवानगी असते. ओळखता येऊ नये म्हणून घरातल्या बायका काय काय शक्कल लढवतात!

मग दिवाळी अंक येतात आणि त्यांच्या मागच्या पानांवर शब्दकोडी. का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला १९०९ साली. शब्दकोडं त्याहून धाकटं. २१ डिसेंबर १९१३ च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विन यांनी पहिलं छापलं आणि त्याचा आकार होता कोनावर उभ्या चौकोनाचा, थेट आमच्या कंदिलाच्या मधल्या चौकोनासारखा.

आपल्या कोड्यात एका घरात एक अक्षर, तेही काना-मात्रा-वेलांटीसकट. 'चकली' तीन घरांत बसते: च, क, ली. आता उभ्या शब्दाला 'ली'च हवी, नुसता ल चालणार नाही, ऱ्हस्व लि तर नाहीच. 'क्रिकेट' आडवा टाकला तर उभ्यात 'प्रक्रिया'सारखं काहीतरी शोधत बसा. कोडं सोडवणारे आपण पेन्सिल चावतो, पण रचणाऱ्याचे हाल मला त्याहून मोठे वाटतात. मग तोही बिचारा ठरलेल्या ओळखीच्या मंडळींना बोलावतो. पौर्णिमेची रात्र म्हणजे राका, विहीर म्हणजे वापी. या दोघी मला शब्दकोड्याबाहेर भेटल्याचं आठवत नाही. आमच्याकडे कोडं एकट्यानं सोडवायची पद्धत नाही. "तीन अक्षरी, शेवटी 'वा'," अशी आरोळी स्वयंपाकघरात जाते आणि चकलीच्या सोऱ्याजवळून "गारवा! नाहीतर पारवा," असं उत्तर येतं. दोन्ही बसतात, हीच अडचण.

किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात मोठ्यांनी बोललेलं मुलांना चालत नाही. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात विटा रचून, वर गोणपाट टाकून, त्यावर चिखल थापतात. यंदा राजगड होता. तीन माच्या आणि बालेकिल्ला हवा, असा आग्रह धरणारा एक सातवीतला मुलगा होता आणि त्याच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. सुवेळा माची गाड्यांच्या वाटेत येत होती, तर एका काकांनी स्कूटर रस्त्यावर लावली. हळीव आधी पेरावेत म्हणजे दिवाळीपर्यंत हिरवं रान उभं राहतं, एवढाच सल्ला त्यांनी माझ्याकडून घेतला. तयार साच्यातला किल्ला आणून ठेवतात त्यांच्याशी माझं भांडण नाही, फक्त त्यावर हळीव उगवत नाहीत.

मावळे कुंभारवाड्यातून आणलेले असतात, ते पुढच्या वर्षासाठी कागदात गुंडाळून ठेवतात. माती कुंड्यांत जाते. कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गॅलरीत राहतो, मग माळ्यावर. तोवर दुपारचं ऊन बोथट झालेलं असतं आणि घरात लोकरीचे गुंडे दिसू लागतात. विणकाम हे थंडीतलं खातं, आणि ते पूर्णपणे सासूबाईंकडे आहे. टाके मोजत असताना त्यांना "तीन अक्षरी" म्हणून हाक मारलेली अजिबात खपत नाही.