जुना फझ, नवा फझ आणि पुण्यातला मे महिना

गिटारचा आवाज फाडून जाड करणारं 'फझ फेस' नावाचं पायाने दाबायचं पेडल आहे, त्यात पार्ट किती असतात माहितीये? अकरा. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (फिरवायचे कंट्रोल), विषय संपला. बाकी मग तो गोल डबा, फूटस्विच, जॅक आणि नऊ व्होल्टची बॅटरी. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने हे पेडल काढलं आणि आज त्या काळातला चालू पीस घ्यायचा तर लाखांत बोलावं लागतं. तेच अकरा पार्ट घेऊन आजचा एखादा बुटीक बिल्डर, म्हणजे थोडी थोडी पेडल्स हाताने बनवणारा, पेडल बनवतो तेव्हा ते वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातं, आणि सोल्डरिंग येत असेल तर घरच्या घरी त्याहून कितीतरी स्वस्तात होतं. मग लाख कशाचे द्यायचे, आणि वीस हजार तरी कशाचे, यावर आमच्याकडे प्रॅक्टिस संपली की चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या तास तास जातो, आणि आता माझं मत पक्कं झालंय म्हणून एकदाचं नीट लिहून टाकतो.

माझं म्हणणं असंय की ओरिजिनलचा असा एक आवाज नसतोच, एकेका पीसचा आवाज असतो. त्या काळी रेझिस्टर-कपॅसिटरवर जो आकडा छापलेला असायचा त्यात दहा-वीस टक्के इकडेतिकडे सर्रास चालायचं, आणि जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं, म्हणजे सिलिकॉनच्या आधीच्या पिढीचं, तर विचारूच नका, एकाच नंबरचे एकाच खोक्यातले दोन काढले तर एकाचा गेन, म्हणजे सिग्नल किती पटीने वाढवतो तो आकडा, साठ आणि दुसऱ्याचा दीडशे. कारखान्यात प्रत्येक नग मोजत कोण बसणार, हाताला येईल तो लावला आणि डबा बंद केला. त्यामुळे साठच्या दशकातले फझ फेस शेजारी शेजारी ठेवून वाजवले तर काही अप्रतिम निघतात, काही ठीकठाक, आणि काही अगदीच किरकिरे. गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सकडे रॉजर मेयरसारखा इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस होता, जो त्याची पेडल्स उघडून त्यात हवे तसे बदल करून द्यायचा. म्हणजे आपण जे ऐकत मोठे झालो ते पारखून घेतलेल्या पीसचं वाजणं आहे, दुकानातून उचललेल्या कुठल्याही पीसचं नाही.

मिरजेत एकाच घरात बनलेले दोन तंबोरे बघा. भोपळा तोच, लाकूड तेच, कारागीर तोच, पण ज्याची जवारी (घोडीवरची तारेची बैठक) जमून आली तोच तंबोरा बोलतो. फझमध्ये जवारीच्या जागी बायस असतो. बायस म्हणजे सोप्या भाषेत दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (त्याच्या तीन पायांपैकी एक) किती व्होल्ट येऊन बसतात ते. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर हा आकडा साधारण साडेचारच्या आसपास आला की आवाज भरून येतो, सस्टेन (नोट टिकणं) लांबतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की फझ विरघळत विरघळत जवळजवळ क्लीन होतो. लोक जर्मेनियमसाठी वेडे होतात ते या एका गुणासाठी. आणि त्यासाठी फझ सगळ्यात पुढे, गिटारला थेट जोडलेला हवा, मध्ये बफरवालं (सिग्नल मजबूत करून पुढे पाठवणारं) पेडल आलं की गेलं सगळं, कारण या सर्किटचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) इतका कमी असतो की गिटारचा पिकअप त्या सर्किटचाच एक भाग होऊन जातो.

आता पुण्याचा मुद्दा. माझ्या एका मित्राच्या काकांनी साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडहून येताना आणलेला फझ फेस त्याच्या घरी आहे, आत न्यूमार्केट कंपनीचे एनकेटी२७५ ट्रान्झिस्टर, म्हणजे ज्याच्यासाठी लोक जीव टाकतात तेच. डिसेंबरात सकाळी तो वाजवला तेव्हा मी अक्षरशः शहारलो, एक ई कॉर्ड मारली आणि ती कितीतरी वेळ नुसती उलगडत राहिली. तोच पीस, तीच गिटार, तोच अँप, मे महिन्यातली दुपार, कर्वेनगरमधली वरच्या मजल्यावरची प्रॅक्टिस रूम, स्लॅब तापलेला, बाहेर चाळीस. नोट मारली की फट्ट करून सुरू व्हायची आणि मध्येच तुटायची, जणू कोणी आवाज कापणारं गेट लावलंय. मागचं झाकण उघडून मीटर लावला तर डिसेंबरात साडेचारच्या जवळ असलेला आकडा सातच्या वर गेलेला.

कारण साधं आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून बंद असतानाही थोडा करंट झिरपतो, त्याला लीकेज म्हणतात, आणि तापमान दहा डिग्री वाढलं की हा लीकेज साधारण दुप्पट होतो. पहिला ट्रान्झिस्टर न सांगता जास्त करंट ओढायला लागतो, त्याने दुसऱ्याचा जीव आवळला जातो आणि बायस सरकतो. लंडनच्या हवेत बनलेल्या सर्किटला पुण्याचा एप्रिल-मे झेपत नाही यात त्या पेडलचा काही दोष नाही. काही लोक गिगला जाताना फझ आइसबॉक्समधून नेतात, पण बाहेर काढल्यावर आत दव धरतं, ते जुन्या बोर्डावर मला बघवत नाही.

इथे बुटीकवाला जिंकतो, आणि निर्विवाद जिंकतो. बुटीक बिल्डर अॅनालॉग मॅनचा, फझ फेसवर बेतलेला सन फेस घ्या, त्यात पाहिजे तर बायसचा छोटा नॉब लावून मिळतो. गरम झालं, फिरवा. एसी हॉलमध्ये गेलात, परत फिरवा. ज्याला कुणाला हे सुचलं असेल त्याला मी मनापासून मानतो, कारण मूळ सर्किटला हात न लावता, कलेक्टरवरचा जो ८.२ किलोओहमचा ठरावीक रेझिस्टर आहे तेवढाच हलता केला आणि पेडल बारा महिने वाजवण्याजोगं झालं. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे हा बिल्डर प्रत्येक ट्रान्झिस्टर मोजतो, जोड्या लावतो, पहिल्या जागी कमी गेनवाला, दुसऱ्या जागी जास्तवाला, लीकेज जास्त असेल तर बाजूला. आपण पैसे देतो ते या निवडीचे. अकरा पार्टांचे नाही.

हे मी इतक्या खात्रीने सांगतोय कारण हे काम मी स्वतः करून बघितलंय आणि आपल्याकडे त्याची एक मस्त सोयही आहे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे आपल्या बेलने, १९६२ पासून जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली होती. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या आउटपुटला एसी१२८ असायचे आणि हाच एसी१२८ फझ फेसमध्येही वापरला गेलाय. बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात जा, बंद पडलेले रेडिओ शोधा, स्पीकर गेलेला असला तरी चालेल, आपल्याला आतली ती दोन छोटी धातूची नळकांडी हवीत. बाकीचे रेझिस्टर, पॉट, सोल्डर, प्रोटोबोर्ड सगळं तापकीर गल्लीत मिळतं.

मोजायची पद्धत पेडल सर्किटांवर लिहिणाऱ्या आर. जी. कीन यांनी फार पूर्वी लिहून ठेवलीय आणि ती इतकी सोपी आहे की दहावीच्या पोराला जमेल. नऊ व्होल्टची बॅटरी, बेसला २.२ मेगओहम, कलेक्टरला २.४७ किलोओहम, आणि त्या कलेक्टरच्या रेझिस्टरवर मीटर. आधी बेस सोडून ठेवायचा, जो आकडा दिसेल तो लीकेज. मग बेस जोडायचा, आकडा वाढतो. दुसऱ्यातून पहिला वजा केला आणि शंभरने गुणलं की खरा गेन. समजा आधी ०.३० व्होल्ट आणि नंतर १.०५ आला, तर गेन ७५. साध्या मल्टिमीटरच्या गेनच्या भोकात तोच ट्रान्झिस्टर घातला तर तो लीकेजसकट मोजतो आणि शंभराच्या वर सांगतो, म्हणून त्या भोकावर विश्वास ठेवू नका. आणि मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरून बघा एकदा. नुसत्या बोटांच्या उबेने मीटरवरचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत चढायला लागतो, सोडला की हळूहळू उतरतो. हे ज्याने एकदा बघितलं त्याला जर्मेनियम काय चीज आहे ते कायमचं कळतं.

पण हे सगळं जर्मेनियम फझचं झालं. ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलला हेच लागू करून कोणी मला त्याच्या जुन्या टीएस८०८ मॉडेलसाठी लाखाच्या वाटेला लावत असेल तर मी नाही म्हणेन, सरळ. तिथे जेआरसी४५५८डी चिप, सिलिकॉनचे डायोड, सगळे ठरलेले नेहमीचे पार्ट. त्याचा तो मिडवाला आवाज कुठून येतो तर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ही जोडी ७२० हर्ट्झच्या खालचा गेन कमी करते, म्हणून बास डिस्टॉर्ट न होता मिड पुढे येतो. ही जोडी आज लावली तरी तिथेच कापणार. टीएस८०८ आणि नंतरच्या टीएस९ मध्ये खरा फरक आउटपुटच्या दोन रेझिस्टरचा, आधी १०० ओहम आणि १० किलोओहम होते, ते ४७० ओहम आणि १०० किलोओहम झाले. विषय इतकाच. चिपवरचा जुना शिक्का बघून गळ्यात पडणाऱ्यांनी डोळे बंद करून दोन्ही ऐकावेत.

क्लॉन सेंटॉर या ओव्हरड्राइव्ह पेडलचंही थोडं असंच, जरी ते पेडल मला मनापासून आवडतं. बिल फिनेगनने १९९४ पासून साधारण आठ हजार पीस बनवले आणि सर्किटवर इपॉक्सी ओतून झाकून टाकलं. शेवटी लोकांनी ते खरवडून आतलं सगळं बाहेर काढलंच. खरी करामत त्याच्या गेनच्या नॉबमध्ये आहे, तो दुहेरी पॉट आहे, गेन वाढवता वाढवता तोच क्लीन सिग्नलचं प्रमाणही बदलतो, आणि आत नऊ व्होल्टचे अठरा करून घेतलेत म्हणून हेडरूम, म्हणजे आवाज फाटण्याआधीची जागा, मोठी. हे डिझाइन मोठं आहे आणि ते फिनेगनचं आहे, हे श्रेय त्याला कायम द्यायलाच हवं. पण डिझाइन चांगलं असलं की ते दुसऱ्या हातातूनही चांगलंच वाजतं. त्या सोनेरी घोड्याच्या डब्यासाठी आज हजारो डॉलर मोजतात ते जपून ठेवायला मोजतात, वाजवायला नाही.

अॅनालॉग डिले, म्हणजे आवाज प्रतिध्वनीसारखा उशिरा परत देणारं पेडल, हा मात्र वेगळा विषय. तिथे जुन्याकडे माझा जीव अजून ओढला जातो. जुन्या डिलक्स मेमरी मॅनमध्ये पॅनासॉनिकची एमएन३००५ चिप असते, ४०९६ पायऱ्या, सिग्नल एका पायरीवरून दुसरीवर ढकलत ढकलत नेतात आणि एका चिपमध्ये जास्तीत जास्त २०४.८ मिलिसेकंद उशीर मिळतो. प्रत्येक रिपीटला वरची धार थोडी झिजते, थोडं कंपॅंडरचं (आवाज दाबून पुन्हा फुलवणाऱ्या सर्किटचं) श्वास घेणं ऐकू येतं, आणि तिसऱ्या-चौथ्या रिपीटला तो आवाज आपल्या वाजवण्याच्या मागे जाऊन बसतो, आड येत नाही. पॅनासॉनिकने ती चिप बंद केली, आता नव्याने बनवलेल्या चिपा मिळतात आणि त्यांच्यावरची बुटीक डिले पेडल्स खरंच चांगली आहेत, स्वच्छ आहेत, गोंगाट कमी. मला तो स्वच्छपणाच थोडा कमी चालतो. तरी जुना घेणाऱ्याला सांगतो, आतले ट्रिमर (जुळवणीचे छोटे स्क्रू) वर्षानुवर्षांत सरकलेले असतात, ते बसवून घेतल्याशिवाय त्या पेडलबद्दल मत बनवू नका. आणि अमेरिकेतून आलेला जुना मोठा डबा १२० व्होल्टवर चालतो, तो आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये थेट गेला तर पेडल गेलंच समजा. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आधी आणा, पेडल नंतर.

पावसाळ्याचंही बोलायला हवं. जुन्या पेडल्समधले कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर दमट हवेत ओलावा धरतात आणि त्यांचा आकडा हळूहळू वर सरकतो, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर वयानेच सुकतात. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात बंद कपाटात ठेवलेलं जुनं पेडल सप्टेंबरात काढलं की पॉट खरखरतात. वाजतं ठेवा, सिलिका जेल टाका, बॅटरी काढून ठेवा. कपॅसिटर बदलावा लागला तर खुशाल बदला, किंमत कमी होईल म्हणून सुकलेला कपॅसिटर आत ठेवणं मला पटत नाही, पेडल वाजायला बनवलंय.

मग घ्यायचं काय? जुनं घेत असाल तर नाव आणि साल बाजूला ठेवून तो एक पीस ऐका, तुमच्या गिटारने, तुमच्या अँपवर, जमलं तर एप्रिलच्या दुपारी. बुटीक घेत असाल तर बिल्डरला विचारा, ट्रान्झिस्टर कसे निवडता, लीकेज किती धरता, बायस बाहेरून बदलता येतो का. चांगला बिल्डर या प्रश्नाने खूश होतो आणि भरभरून बोलतो. आपल्याकडे मुंबईची, पेडल बनवणारी अॅनिमल फॅक्टरी अॅम्प्लिफिकेशन आहे, म्हणजे हे सगळं फक्त परदेशातच होतं असंही राहिलेलं नाही. आणि जो नुसतं 'विंटेज मोजो', म्हणजे जुन्याची जादू, म्हणून विषय बदलतो त्याच्याकडून घेऊ नका.

पुण्यात कोणाकडे घरातला जुना जर्मेनियम फझ पडून असेल, वाजत असो नसो, तर खाली कमेंट करा. मीटर आणि बॅटरी घेऊन मी येतो, आतले ट्रान्झिस्टर अजिबात न काढता बायस बघू, डिसेंबरात एकदा आणि मेमध्ये एकदा, आणि दोन्ही वेळचं रेकॉर्डिंग इथे टाकू.