आठवी फळी

मुंबईत चार दिवस होते. त्यातले अडीच दादरच्या नातेवाइकांकडे जेवण्यात, राणीच्या बागेत आणि जहांगीर आर्ट गॅलरीत गेले. छान गेले, पण त्यांच्यासाठी मी लिहायला बसलेले नाही. लिहायचंय ते कुर्ल्यात, बैल बाजाराजवळच्या एका गल्लीत, मामाच्या गणपतीच्या कारखान्यात घालवलेल्या एका दुपारबद्दल.

२०२५ चा जुलै होता. चिपळूणहून रात्री तुतारी एक्स्प्रेस पकडली, सकाळी दादर. जुलैत चिपळूण सोडताना पोटात कालवतं. घरात आई एकटी, बाहेर पाऊस, वाशिष्ठीचं पाणी किती चढलंय हे शेजाऱ्यांना फोन करून विचारत राहायचं. २२ जुलै २०२१ नंतर आमच्याकडे हे असंच आहे. पाऊस आवडतो असं मी अजून म्हणते, पण रात्री जोर धरला की उठून दारातली पायरी बघून येते.

त्या पुरात आमचं तळघर आणि पहिला मजला गेला. कितीतरी जणांचं आमच्यापेक्षा जास्त गेलं, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच माझं काय गेलं ते मी चार वर्षं कुणाला धड सांगितलं नव्हतं. माझ्या सतरा वह्या गेल्या. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता ११ वर्षं मी चिपळूणची दारं काढत होते. वाड्यांची, दुकानांची, गोठ्यांची, गोवळकोटच्या वाटेवरच्या घरांची. महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं, जुनी घरं पाडून इमारती यायला लागल्या, तेव्हापासून तर मी दारांच्या मागेच लागले होते. आज काढलं नाही तर पुढच्या मे महिन्यात दिसणार नाही, अशी धास्ती असायची. वह्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात होत्या. पाणी ओसरल्यावर तो खण उघडेना. कागद फुगून इतका घट्ट बसला होता की पहारीने उचकटावा लागला. आतून निघाला तो एकच करडा ठोकळा, पान पानापासून सुटत नव्हतं. आमच्या १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं २००५ मध्येही बुडाली होती, २०२१ मध्येही बुडाली. तिथली माणसं चिखलातून पुस्तकं वेचत होती. ते बघून आले आणि घरचा ठोकळा मी गप्प कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये टाकला.

पंचनाम्याला आलेल्या माणसाने फ्रीज, गाद्या, धान्य, शिलाई मशीन असं सगळं नीट लिहून घेतलं. मी म्हटलं, वह्या. तो म्हणाला, "मुलांच्या?" मी हो म्हटलं. त्यानंतर मी रेघही काढली नाही. शाळेत फळ्यावर काढत असे तेवढंच.

मामाकडे यायचं कारण आई. ती म्हणाली, "त्याच्याकडे जाऊन ये, त्याचं काय झालेलं ते तुला माहीत आहे ना?" माहीत होतं, पण 'कुर्ल्याचा कारखाना बुडाला' एवढंच. २००५ मध्ये २६ जुलैला आम्हीही चिपळुणात पाण्यातच होतो. कुणाचं काय ऐकणार?

कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडणं ही माझ्या मते मुंबईतली सगळ्यात कठीण वाट आहे. माणसं, भाजीच्या पाट्या, शेअर रिक्षांची रांग, वरून पाऊस. किमान भाडं तेव्हा २६ रुपये झालं होतं, पण तेवढ्याशा अंतराला एकही रिक्षावाला येईना. बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, म्हटलं तर चार जण धावून आले. सरळ चालत गेले. छत्री असून खांद्यापर्यंत भिजले. वाटेत मिठी नदी लागली. काळं पाणी, दोन्ही बाजूंना उंच भिंती, गाळ काढणारं एक पिवळं यंत्र. वाशिष्ठीच्या काठी वाढलेल्या माणसाला या नदीकडे बघवत नाही. आमच्या नदीत मगरी आहेत. हिच्यात काय असेल?

मामा दारातच होता. "काय गो, भिजलीस ना? आत ये, पण बघून. उजव्या हाताला ओले आहेत."

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड. फळ्यांच्या तीन माच्यांवर सगळीकडे गणपती. पंखे फिरत होते, मोठे दिवे लावून ठेवले होते, कारण पावसाळ्यात शाडू वाळता वाळत नाही. एका कोपऱ्यात सफेदा मारलेल्या मूर्ती, दुसऱ्यात नुसत्या मातकट. मामीने डबा पाठवला होता. कुळथाची पिठी आणि भात, सोबत सुका जवळा. दोन कारागीर उठले आणि मला बसायला पंख्याखालचा पाट दिला. मुंबईत इतक्या अरुंद जागेत कुणी स्वतःची जागा उठून देतं तेव्हा मला फार बरं वाटतं. दादरच्या घरी पंचपक्वान्नं होती, पण त्या पाटावर बसून जेवले ते पोटभर होतं.

आणि मग ती रेघ दिसली. मागच्या भिंतीवर, माझ्या डोक्यापेक्षा वीतभर वर, निळ्या ऑइलपेंटने ओढलेली. दर वर्षी भिंतीला चुना मारतात, रेघेवर मारत नाहीत.

"तिथवर?" मी विचारलं.

"तिथवर."

त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. दक्षिण मुंबईतल्या कितीतरी लोकांना संध्याकाळपर्यंत काही कळलंच नव्हतं. मिठी म्हणजे विहार आणि पवई तलावांचा सांडवा. जेमतेम अठरा किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते, वाटेत विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते. काठ भराव घालून आवळत आणलेले, आणि दुपारी नेमकी मोठी भरती. पाण्याला समुद्रात जायला वाट नव्हती, म्हणून ते कुर्ल्यात आलं. हे मी नंतर वाचलेलं. मामाने सांगितलं ते वेगळं होतं.

दुपारी तीनच्या सुमाराला पाणी उंबऱ्याला लागलं. त्याच्याकडे ६० गणपती होते, सगळ्यांचा विसार घेतलेला. चतुर्थी ७ सप्टेंबरला. तो आणि दोन पोरं खालच्या माचीवरचे वरच्या माचीवर ठेवायला लागले. मग वरची माचीही पुरेना. शेवटी तिघं पत्र्यावर चढले आणि पत्र्याच्या फटीतून आत बघत राहिले.

"तुला एक सांगतो," तो म्हणाला, "जे खडखडीत वाळलेले ना, ते आधी गेले. वाळलेली शाडू पाण्यात पडली की पाणी ओढते. बुडबुडे येतात, बारीक आवाज येतो, आणि पापुद्रे सुटून बसकन खाली बसते. ओले होते ते टिकले. आदल्या दिवशी केलेले दोन होते, अजून बोट लावलं तर ठसा उमटेल असे. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरलं तेव्हा ते ओळखता येत होते. सोंड गेलेली, पण पोट होतं, मांडी होती."

मी हे आजवर कुठे ऐकलं नव्हतं. वाळून पक्कं झालेलं टिकेल असंच वाटतं ना आपल्याला? मी पाटावर बसून त्याच्याकडे नुसती बघत राहिले.

सगळी शाडू जमिनीवर होती, घोटाभर. कच्ची शाडू पुन्हा भिजवून, गाळून वापरता येते, पण या मातीत गटार होतं, डिझेल होतं. शेजारचे म्हणाले, मातीच आहे, घ्या वापरून. मामा म्हणाला, नाही. ती सगळी त्याने पाट्यांनी उपसून बाहेर टाकली. प्लास्टरचे साचे भिजून भुसभुशीत झाले होते, तेही टाकले. गुजरातेतून येणारी ती शाडू, पेणच्या ओळखीच्या माणसाकडून उधारीवर पुन्हा आणली. त्रेचाळीस दिवस होते, त्यातला आठवडा साफसफाईत गेलेला. साचे नाहीत, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा सगळे हाताने केले. दोन फुटांचे जमणार नव्हते, नऊ इंचांचे केले. विसार दिलेल्या घरोघरी जाऊन त्याने विचारलं, चालेल का? बऱ्याच जणांची घरंही बुडालेली. कुणी नको म्हणालं नाही. ४१ गणपती झाले. उरलेल्या १९ जणांना त्याने पैसे परत दिले, काहींना पुढच्या वर्षी.

तेव्हापासून मामाने साचा घेतलेला नाही. त्याच्या मूर्ती आजही लहान असतात आणि एकीसारखी दुसरी नसते. पीओपीच्या बंदीवरून कोर्टकचेऱ्या चालू असताना आता लोक शाडू शोधत त्याच्याकडे येतात. तेव्हा, मधल्या पंधरा वर्षांत, फारसं कुणी येत नव्हतं, हेही त्याने सांगितलं.

त्या वेळी वर्तमानपत्रांत मुंबईच्या स्पिरिटबद्दल पुष्कळ आलं होतं. चिपळूणकरांच्या जिद्दीबद्दलही २०२१ मध्ये आलं. मला त्या शब्दांचा राग येतो. दुसऱ्या दिवशी कामावर गेला म्हणजे माणूस सावरला, असं ठरवून लोक मोकळे होतात. मामा म्हणाला की त्या वर्षी दसऱ्यापर्यंत त्याला रात्री तो बुडबुड्यांचा आवाज ऐकू यायचा. हे त्याला वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

आणि मग त्याने मला विचारलं.

"तुझ्या वह्या गेल्या ना? आक्का म्हणाली. काय काय होतं त्यांत?"

मी म्हटलं, "दारं."

"ते कळलं. कुठली कुठली?"

चार वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला होता. 'अरेरे' सगळे म्हणाले. 'पुन्हा काढ' म्हणाले. कुठली कुठली, हे नाही. मी सांगायला लागले आणि तो सोंडेवर कोरणी फिरवत ऐकत राहिला. मधली आळी, निळं दार, कडीच्या जागी सायकलची चेन. गोठ्याचं दार, त्याला खालून कुत्र्यासाठी अर्धवर्तुळ कापलेलं. एका वाड्याच्या चौकटीवर गणेशपट्टी, तिच्यातला उंदीर झिजून नुसता फुगवटा राहिलेला. एक घर माहेरवाशिणीने विकलं, तिने जाताना दारावर हळदीचे हात उमटवले होते. बारा-पंधरा दारं झाली आणि पुढे मला बोलता येईना. रडले. कारागीर पोरं शहाणी, त्यांनी मान वर केली नाही.

मामाने पाटावर शाडूचा गोळा थापून हातभर लादी केली आणि माझ्यापुढे सरकवली. कोरणी दिली. "आमच्या आळीतलं किराणा दुकान कर. मी लहानपणी तिथून गूळ आणायचो."

ते दुकान फळ्यांचं होतं. सकाळी एकेक फळी काढून बाजूला लावायची, रात्री खाचेत सरकवायची. फळ्यांवर आकडे कोरलेले, उलटसुलट लागू नयेत म्हणून. २०१६ की १७ ला पाडलं. मी कोरायला घेतलं. पहिल्या चार-पाच रेघा इतक्या वाईट होत्या की लादी पुसून टाकावीशी वाटली. शाडू ओली असली की रेघेच्या कडा वर येतात, हात हलका ठेवावा लागतो. मामा मधेच म्हणाला, "दाबू नको, ओढ." मग हात सुटला. आठ फळ्या काढल्या, एक ते आठ आकडे काढले, उंबरा काढला, उंबऱ्याला गुळाच्या ढेपेने पडलेला काळा डाग कोरणीच्या टोकाने टोचून टोचून काढला. वर बघितलं तर साडेसहा वाजले होते आणि पाऊस थांबला होता.

लादी नेता येणार नव्हती. पातळ होती, वाळली की तडकली असती. मामा म्हणाला, ठेवतो. मी म्हटलं, नको, लागेल तुला माती. फोटोही काढला नाही. ती मीच ओल्या पिंपात सोडली. ओली होती, त्यामुळे विरघळायला बराच वेळ लागला. आकडे शेवटपर्यंत दिसत होते.

दुसऱ्या दिवशी दादरला एक जाड कागदाची वही आणि दोन पेन्सिली घेतल्या. तुतारी मध्यरात्रीनंतर सुटते, मी दहालाच फलाटावर जाऊन बसले. गर्दी, ओले फलाट, शेजारच्या कुटुंबाचा आंब्याच्या लोणच्याचा वास. मांडीवर वही ठेवून तेच दुकान पुन्हा काढलं, आठ फळ्यांचं. काहीतरी चुकत होतं. आईला फोन लावला. ती जागीच होती, पाऊस होता म्हणे, पण वाशिष्ठी खाली आहे.

"आई, किराणा दुकानाच्या फळ्या किती गो? आठच ना?"

"सात," ती लगेच म्हणाली. "आठवी मोडलेली, आठवत नाही? तिच्या जागी डालड्याच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता. त्याच्यावरचं ते नारळाचं झाड उलटं दिसायचं."

मी खोडरबर घेतला नव्हता. शेजारच्या बाईंच्या मुलाकडून मागून घेतला, आठवी फळी खोडली आणि पत्रा काढायला घेतला.