झाप विणायला बसलो तेव्हा

मागच्या पावसाळ्यात पडवीची निळी ताडपत्री रात्रभर फडफडायची. नावात ताड, अंगाला प्लास्टिक! म्हणून यंदा मे महिन्यात मालवणला गेलो तेव्हा काकीला सांगून बसलो, की पडवीवर झापच, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या विणलेल्या चटयाच बांधू. काकी म्हणाली, "मगे तूच इण."

झावळ्या विकत आणायचा प्रश्नच नाही. माडाला वर्षाकाठी 12-13 नव्या येतात, जुन्या गळतात. कुरकुरीत वाळलेल्या बाजूला काढल्या आणि चिवट तेवढ्या घेतल्या. दांडा मधोमध उभा चिरायचा होता. माझा कोयता घसरला, एक फाक जाड आणि दुसरी काडीसारखी झाली. मग सगळ्या फाका पाच दिवस खाडीच्या कडेला दगडाखाली दाबून ठेवल्या. खारं पाणी मुरलं की कीड लागत नाही, असं काकीचं म्हणणं. बाहेर काढल्यावर जो वास सुटला, त्याबद्दल मात्र तिनं आधी अवाक्षर काढलं नव्हतं.

विणकाम ऐकायला सोपं आहे. एक पात सरळ सोडायची, पुढची मागे वळवायची आणि शेजारच्या पातींच्या वरून, खालून, वरून न्यायची. पण वळवताना पात हिरापाशी, म्हणजे तिच्या मधल्या कडक काडीपाशी मोडते. मी घट्ट व्हावं म्हणून खेचत होतो. "मेल्या, ओढतंस कित्याक? पात फाटतली." तिची बोटं पात ओढत नव्हतीच. अंगठ्यानं नुसती सरकवून बसवत होती, आणि नजर अंगणात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. तिचे चार झाप झाले तेव्हा माझा एक झाला. उन्हात धरला तर जमिनीवर चाळणीसारखे कवडसे! पाचव्या झापापासून कवडसे कमी झाले. तळहातांना मात्र हिरांचे ओरखडे.

झाप वाळल्यावर काथ्याच्या सुंभानं वाशांना मीच बांधले, वरून सुरुवात करून खाली येत. मृगाची पहिली सर आली आणि पाणी थेट पडवीत. खालचा प्रत्येक झाप वरच्याच्या अंगावर चढला होता, त्यामुळे वरून ओघळणारं पाणी त्या फटीतून आत शिरत होतं. काकीनं फक्त विचारलं, "कौलां खयसून घालतत रे?"

वळचणीकडून, म्हणजे खालून वर. भर पावसात, भिजून फुगलेल्या सुंभाच्या गाठी नखांनी सोडवत, सगळे झाप परत बांधले. चाळणीवाला तेवढा कोंबड्यांच्या खुराड्यावर गेला.