अडुसष्टची आहे ती!

रविवारी जेवण झाल्यावर जरा लवंडलो होतो. टीव्हीवर जुन्या अमेरिकन गाड्यांचा कार्यक्रम. निवेदक एका लाल कॅमेरोच्या बॉनेटवरून हात फिरवत म्हणाला, "१९६७ची, पहिल्या वर्षाची!" आणि मी रिकाम्या खोलीत ओरडलो, "अरे बाबा, अडुसष्टची आहे ती!"

पुढच्या मडगार्डवर टिचभर दिवा धडधडीत दिसत होता. बाजूचे दिवे अमेरिकेत १९६८पासून सक्तीचे झाले. सदुसष्टच्या कॅमेरोला ते नाहीतच. शिवाय सदुसष्टच्या दाराला पुढे तिकोनी काच असते, आपल्या पद्मिनीला होती तशी, जी किंचित फिरवून लोक सिगारेटची राख बाहेर झटकायचे. अडुसष्टला ती गेली. बघितलं की कळतं. पण बघायचं कोणाला!

हे खूळ शेजारच्या आजोबांचं. आम्ही डेट्रॉईटजवळ राहतो आणि त्यांची उमेदीची वर्षं जनरल मोटर्सच्या पॉन्टियाक गाड्यांच्या कारखान्यात गेली. "१९६४ साली पॉन्टियाकने जीटीओ हे नवं मॉडेल आणलं," असं टीव्ही म्हणाला की आजोबा खुर्चीत ताठ. "मॉडेल नव्हतं! ऑप्शन होतं!" पॉन्टियाकचीच टेम्पेस्ट लेमान्स गाडी घ्यायची आणि वर २९५ डॉलर मोजायचे, की झाली जीटीओ. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टियाकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि मंडळींनी ३८९चं घातलं आणि कागदोपत्री ते ऑप्शनच्या यादीत सारून दिलं. वरच्या साहेबांना पत्ता लागेपर्यंत ऑर्डरी येऊन पडल्या होत्या. पाच हजार खपल्या तरी खूप, असा हिशेब होता; पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. वेगळं मॉडेल झालं ते १९६६ला. आता सांगा, सरळ 'नवं मॉडेल' म्हणून टाकलं तर यातली सगळी लबाडी गेली की नाही? मग उरलं काय, पत्रा!

१९७२ला इंजिनांची ताकद, म्हणजे हॉर्सपॉवर, एकदम घसरली, हे टीव्हीचं आणखी एक. बरेचसे घोडे नुसते कागदावर मेले. आधी इंजिन उघडंबोडकं, सायलेन्सरबिलेन्सर न लावता मोजत. मग सगळा संसार अंगावर घालून मोजू लागले. पण हे समजावून सांगत बसलं तर जाहिरातींना वेळ कुठून उरणार?

आमच्या घरात हा रोग काकांना होता. काका कुर्ल्याच्या प्रीमियर मोटार कंपनीत. तिथे आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात, फियाट मागाहून आली, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. एकदा दूरदर्शनवर बेचाळीसच्या चळवळीची मालिका लागली होती. क्रांतिकारकाला पकडून गाडीत कोंबलं आणि काका उठून टीव्हीजवळ गेले. "ही फियाट डिलाइट! बेचाळीसला डुक्कर फियाटसुद्धा जन्मली नव्हती. अरे, बेचाळीसला आमची कंपनीच नव्हती!"

"अहो, तो फासावर चाललाय आणि तुमचं काय गाडी गाडी!" काकू पदराने डोळे पुसत म्हणाली.

"जाऊ दे की. पण बेचाळीसच्या गाडीतून जाऊ दे."

आजोबांच्या गॅरेजात त्यांची जुनी पॉन्टियाक आहे. मागची सीट उपसली तेव्हा तिच्या स्प्रिंगांत एक कागद अडकलेला सापडला: बिल्ड शीट. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, मधे गंजाचे गोल डाग, पण इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, रंग कुठला, सगळं छापलेलं. ती गाडी जोडणाऱ्या माणसांनी वाचायचा कागद. काम झाल्यावर तो काढून टाकायचं कोणाला सुचलं नाही. आजोबांनी तो प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय, आमच्याकडे जन्मपत्रिका ठेवतात तसा. पॉन्टियाक हे नाव २०१०मध्ये बंदच झालं. म्हणजे विचारायला जायचं तर दुकानही नाही.

हल्ली आजोबा असले कार्यक्रम आवाज बंद करून बघतात. गाड्या दिसतात, निवेदक ऐकू येत नाही, रक्तदाब जागेवर. मी म्हटलं, "पण मग इंजिनाचा आवाजही जातो ना!"

"जाऊ दे," ते म्हणाले. "तोही बहुतेक वेळा दुसऱ्याच गाडीचा असतो."