रॅम खरी, हिशोब खरा, मग स्पीड कुठं गेला?

गेल्या रविवारी भाचीचा पीसी जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चा मदरबोर्ड, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० सीएल१६ स्टिक, ग्राफिक कार्ड माझ्याकडचं जुनंच. विंडोज टाकलं, ड्रायव्हर टाकले, सगळं सुरळीत, आणि रात्री जेवणं झाल्यावर तिने एडा६४ या तपासणीच्या सॉफ्टवेअरमधला मेमरीचा बेंचमार्क, म्हणजे रॅमचा वेग मोजणारी टेस्ट, लावला आणि आतून हाक आली, "मामा, इकडे ये ना, हे काहीतरी गंडलंय."

रीड (वाचायचा वेग) १८ जीबी पर सेकंद, राइट (लिहायचा) पण तेवढंच, लेटन्सी, म्हणजे मागितलेला डेटा यायला लागणारा वेळ, ९० नॅनोसेकंदाच्या वर. तिच्या फोनवर मैत्रिणीच्या पीसीचा स्क्रीनशॉट होता, तीच ३२०० ची रॅम आणि रीड राइट दोन्ही ४८ च्या पुढे. लगेच सुरू, "डुप्लिकेट रॅम दिली का रे आपल्याला? उद्या परत देऊन टाकू."

मी म्हणलं थांब, दुकानात जाऊन भांडायच्या आधी गुणाकार करू. चॅनेल म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधली वाट, एक चॅनेल ६४ बिटचं, म्हणजे एका वेळी ८ बाइट, आणि ३२०० म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा. ३२०० गुणिले ८ म्हणजे २५.६ जीबी, दोन चॅनेलचे ५१.२, आणि त्यातले ९०-९५ टक्के हातात पडले की रॅम नीट चालली समजायचं. आपल्याला तर एका चॅनेलचे २५ पण मिळत नाहीयेत. मग १८ आले कुठून? २४०० गुणिले ८ करा, १९.२ येतात. म्हणजे आकडाच सांगत होता की रॅम २४०० वर आणि एकाच चॅनेलवर चाललीये, दोन गोष्टी एकदम. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक लोक दुसऱ्याच्या स्क्रीनशॉटशी तुलना करतात आणि चांगल्या स्टिक परत करून येतात.

टास्क मॅनेजर उघडला, स्पीड २४००, चारपैकी दोन स्लॉट वापरात. स्पीडचं कळलं, पण दोन स्लॉट भरलेत म्हणजे ड्युअल चॅनेल असं अजिबात नाही, दोन्ही स्टिक एकाच चॅनेलच्या स्लॉटात असू शकतात. कॅबिनेट उघडलं तर तेच, प्रोसेसरच्या बाजूने पहिला आणि दुसरा स्लॉट, शेजारी शेजारी. मीच बसवल्या होत्या, या बोर्डवर चारही स्लॉट काळे आहेत, रंगावरून काही कळत नाही आणि मी मॅन्युअल उघडलं नव्हतं. दोन स्टिक असतील तर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात लावायच्या, ए२ आणि बी२, म्हणजे ए आणि बी या दोन चॅनेलवर एकेक. कारण बऱ्याच बोर्डांवर तारांचा रस्ता प्रोसेसरकडून आधी पहिल्या स्लॉटला आणि तिथून पुढे दुसऱ्याला जातो, चॅनेलवर एकच स्टिक असेल तर ती रस्त्याच्या टोकाला हवी, नाहीतर पुढे उरलेल्या रिकाम्या तुकड्यावरून सिग्नल आपटून मागे येतो.

पीसी बंद, प्लग काढला, एक स्टिक चौथ्यात नेली आणि चालू केलं तर स्क्रीन काळी, बोर्डवर डीरॅमचा, म्हणजे रॅममध्ये गडबड असल्याचा, लाइट पेटलेला. भाचीचा चेहरा उतरला. टॉर्च मारून बघितलं, या स्लॉटला क्लिप फक्त वरच्या बाजूला, ती लागली होती पण खालच्या टोकाला स्टिकची सोनेरी रेघ केसाएवढी बाहेर दिसत होती. परत प्लग काढून मी तिलाच म्हणलं, अंगठ्याने दाब, घाबरू नकोस. तिने दाबलं, खट् झालं, रेघ गेली आणि पुढच्या वेळी पीसी उठला.

आता रीड ३६, दुप्पट. राइट मात्र १९, म्हणजे जागचं हललंच नाही म्हणायचं.

मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी हे रॅमच्या स्पीडचं प्रोफाइल चालू केलं. पाकिटावर ३२०० लिहिलंय म्हणून रॅम आपोआप ३२०० वर येत नाही, नवा बोर्ड आधी सेफ स्पीड धरतो, पाकिटावरचा स्पीड हा प्रोफाइल असतो आणि तो आपण चालू करायचा, काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी, डीडीआर५ च्या एएमडीवाल्या रॅमला एक्सपो. सेव्ह केल्यावर अर्धा मिनिट स्क्रीन काळी राहिली, पंखे एकदा थांबून परत फिरले. तेव्हा पॉवर बटण दाबायचं नाही, बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे नव्या स्पीडला रॅम जुळवून घेत असतो.

रीड ४८, लेटन्सी ७०. आणि राइट साडेपंचवीस!

"अजून अर्धंच आहे," भाची म्हणाली, आणि आता ती बोर्डाला दोष द्यायला तयार. मी म्हणलं मैत्रिणीला विचार प्रोसेसर कुठला. उत्तर आलं ५६००जी. तिथंच उलगडलं. आपल्या ५६०० मध्ये कोअरची चिप वेगळी आणि मेमरी कंट्रोलरची वेगळी, मधल्या रस्त्यावरून एका क्लॉकला वाचताना ३२ बाइट येतात पण लिहिताना १६ च जातात. तो रस्ता इथे रॅमच्या आकड्याच्या निम्म्यावर, म्हणजे १६०० मेगाहर्ट्झवर चालतो, १६ गुणिले १६०० म्हणजे २५.६. जी वाल्यात सगळं एकाच चिपमध्ये, तिथं ही अट नाही. आणि २४०० वर रस्ता १२०० ला होता, १६ गुणिले १२०० म्हणजे १९.२, म्हणून मघाशी स्लॉट बदलूनही राइट हललं नव्हतं. म्हणजे साडेपंचवीस हा फॉल्ट नाहीच, या प्रोसेसरचा पूर्ण आकडा आहे. रोजच्या कामात लिहिण्यापेक्षा वाचणंच जास्त, त्यामुळे काही अडतही नाही.

तिने स्वतः कागदावर गुणाकार करून बघितला, मग पटलं. रात्रभर रॅममधल्या चुका शोधणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार पास (फेऱ्या) लावले, सकाळी एरर शून्य.

आता तिचं म्हणणं, मामा दोन स्लॉट रिकामेच आहेत, अजून ८-८ टाकू का. मी नको म्हणलं, या प्रोसेसरला अशा चार सिंगल रँक (चिपांचा एकच गट असलेल्या) स्टिक लावल्या तर एएमडीचा अधिकृत आकडा २९३३ वर येतो, त्याच्या वर चालली तर नशीब. ३२ जीबी हवेच असतील तर या विकून १६-१६ ची जोडी घे. दिवाळीपर्यंत थांबते म्हणाली.