तुम्ही विचारलंत म्हणून: टेन्शनने पाळी खरंच जाते का?

मी फिजिऑलॉजी शिकवते, त्यामुळे लग्नात, हळदीकुंकवाला कुणी ना कुणी मला बाजूला घेतंच. लेक नीटच्या अभ्यासात धड जेवत नाही, किंवा डाएट आणि जिम एकदमच सुरू केलंय. चार महिने पाळी नाही. डॉक्टरांनी प्रेग्नन्सी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सगळं तपासलं. सोनोग्राफीतही काही नाही. "मग ताई, नुसत्या टेन्शनने पाळी जाते का हो?"

जाते. आणि कृपा करून "मनाचे खेळ" म्हणून ते झटकू नका.

अंडाशयाला वरून निरोप यावा लागतो. तो निघतो हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागातल्या जेमतेम एक-दोन हजार चेतापेशींकडून. या पेशी जीएनआरएच नावाचं, दहा अमिनो आम्लांचं चिमुकलं हॉर्मोन सोडतात. त्यावर खालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हॉर्मोनं सोडते, मग अंडाशय कामाला लागतं. पण जीएनआरएच सलग येऊन चालत नाही. साधारण तास-दीड तासाने एकेक झोत यावा लागतो. पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने १९७०च्या दशकात हे माकडांवर दाखवलं. हायपोथॅलॅमसचा तो भाग निकामी केल्यावर तासातून एकदा जीएनआरएच दिलं तर एलएच, एफएसएच पूर्ववत झाले. तेच अखंड चालू ठेवलं, तर दोन्ही खाली आले. फार लवकर वयात येणाऱ्या मुलींना आज जी इंजेक्शनं देतात, ती याच तत्त्वावर.

मग हा ठेका धरतं कोण? २००३मध्ये फ्रान्समधल्या आणि बॉस्टनमधल्या संशोधकांना, मुलं वयातच येत नव्हती अशा कुटुंबांमध्ये एका रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीवर निरोप झेलणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकात दोष सापडला. तो रिसेप्टर किसपेप्टिन या न्यूरोपेप्टाइडचा, म्हणजे चेतापेशी निरोप द्यायला सोडतात त्या छोट्या रेणूचा होता. किसपेप्टिन पोचलं की जीएनआरएचच्या पेशी जाग्या होतात.

मला सगळ्यात सुंदर वाटतो तो याच्या पुढचा भाग. हायपोथॅलॅमसमध्ये आर्क्युएट केंद्रक नावाचा चेतापेशींचा पुंजका आहे; त्यातल्या काही पेशींमध्ये एकेकीत तीन न्यूरोपेप्टाइडं असतात. न्यूरोकायनिन बी शेजारच्या पेशींना उठवतं, डायनॉर्फिन त्यांना गप्प करतं, आणि मधल्या क्षणात किसपेप्टिन जीएनआरएचकडे जातं. दिंडीतल्या टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहत एकदम टाळ वाजवावा आणि एकदम थांबावं, तसं हे चालतं. पाळी कायमची गेल्यावर इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो, याच पेशी फार सक्रिय होतात आणि अंगातून वाफा येतात. न्यूरोकायनिन बीचा रिसेप्टर अडवणारं फेझोलिनेटंट हे त्यावरचं औषध अमेरिकेत २०२३मध्ये मंजूर झालं.

आता तुमच्या लेकीकडे येऊ. जीएनआरएचच्या पेशींना लेप्टिन, म्हणजे शरीरात चरबी किती आहे हे सांगणारं हॉर्मोन, थेट कळत नाही. ती बातमी किसपेप्टिनसारख्या मध्यस्थांमार्फत येते. खाणं कमी आणि खर्च जास्त झाला की लेप्टिन उतरतं, किसपेप्टिन मंदावतं, झोत विरळ होतात. ताणात वाढणारी सीआरएच आणि कॉर्टिसॉल ही हॉर्मोनंही तेच करतात. गर्भ वाढवायला नऊ महिन्यांची शिदोरी लागते. ती दिसत नसेल तर मेंदू ते काम पुढे ढकलतो. अंडाशय शाबूत असतं.

"मग गोळ्या देऊन पाळी आणू का?" हा दुसरा प्रश्न ठरलेलाच. गर्भनिरोधक गोळ्यांनी महिन्याला रक्तस्राव होईल, पण तो गोळी थांबवल्यामुळे होतो. वरचा ठेका त्याने परत येत नाही. इकडे इस्ट्रोजेन कमी राहिलं की हाडं ठिसूळ होतात, तेही हाडं भरायच्या वयात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना तिचं वजन किती उतरलं, ती दिवसभरात काय खाते, किती व्यायाम करते, किती झोपते, हे सगळं लिहून न्या. आधी पोटभर जेवण, मग व्यायामाला थोडी विश्रांती. पाळी परतायला काही महिने लागू शकतात, तेवढा वेळ तिला द्या.